गरजलं की अक्का उठायची

सापडली म्हणले तव्हा मी चुलीवर पाणी ठेवलं. शेजारच्या चंद्रकलाकाकू दारात आल्या अन् एवढंच म्हणल्या, "रेखा, कौसा सापडली गं," अन् मला वाटलं सापडली म्हणजे आली... कालपासून माणूस पाण्यात, गारठली असल, आल्या आल्या अंगावर ऊन पाणी घ्यावं लागल, म्हून मी मोठं पातेलं चढवलं, खाली काड्या सारल्या, फुंकून फुंकून डोळ्यात धूर गेला, तिची कोरडी साडी दोरीवरून काढून ठेवली, वली लाकडं पेटंनात तर रॉकेलच्या बाटलीचं बूड निथळलं. काकू दारातच उभ्या. मी म्हणलं काकू बसा न, कुटवर आले समदे? मंग काकू आत आल्या, खाली वाकल्या अन् चुलीतलं लाकूड हातानं मागं वढलं. पाण्याखालचा जाळ काढून टाकला. तव्हा मला कळलं. अक्का खालच्या बंधाऱ्याला सापडली व्हती, झुडपात अडकून.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, कौसाबाई. आमचं गाव शिरडशहापूरच्या अंगाला हाय, गावाखालून वढा जातो, वढ्याच्या पल्याड आमचं हळदीचं वावर अन् आखाडा, म्हणजे वावरातलं पत्र्याचं खोपटं, बैल बांधायला अन् पावसात उभं राहायला. पेपरात आलं व्हतं दोन ओळी, विजांच्या कडकडाटासह जोरदार पाऊस, वढ्याला पूर, एक महिला वाहून गेली. बास. ती महिला कोण, अन् एवढ्या पावसात वढ्याच्या नळ्यात काहून जाऊन बसली व्हती ते काय आलं न्हाई. अंगणवाडीच्या ताई म्हणल्या पुरवणीत लोकं गेलेल्या माणसाबद्दल लिहून धाडतात, तू बी लिही. मी म्हणलं ताई मी आठवीतून निघाले, मला शुद्ध येत न्हाई. त्या म्हणल्या बोलतीस तसंच लिही. म्हून लिहून राहिले... लिहिताना सारखं दाराकडं ध्यान जातं.

अक्का पायाळू व्हती. पायाळू म्हणजे मायच्या पोटातून डोस्क्याच्या आधी पाय बाहेर आलेलं माणूस. आमच्याकडं असं हाय, कोणाच्या पाठीत चमक भरली, कंबर धरली, तर पायाळूनं पाय लावला की उतरती. अन् दुसरं असं हाय की पायाळूवर ईज पडती. ईज पायाळूला हुडकत येती म्हणतात, अन् त्याच्या जवळ जे कोणी उभं असल त्याला बी घेऊन जाती. ह्या दोन्ही गोष्टी एकच तोंड सांगतं. सकाळी आमच्या वट्यावर माणसं पालथी पडलेली राहायची. मोठमोठी माणसं, जी रस्त्यानं अक्काकडं बघायची बी न्हाईत, ती मुकाट्यानं सदरा वर करून पालथी. अक्का भाकरी थापता थापता उठायची, पिठाचे हात वर धरून, डाव्या पायानं हळूच तीन डाव पाठीवर, की पुन्हा तव्यापाशी. आमचे थोरले भाऊजी, म्हणजे अक्काचे मालक, म्हणायचे, "झाल्या का गावाला लाथा मारून? आता च्या दे." ती म्हणायची, "गावाच्या झाल्या. घरच्या राहिल्यात. पडा पालथे." भाऊजी हसत भाईर निघून जायचे.

एका कोरड्या साली तिला बोअरचं पाणी दाखवायला बी नेलं व्हतं. पायाळूला भुईतलं पाणी कळतं म्हणतात न. अनवाणी, तळहातावर नारळ ठेवून, वावरभर फिरवली, मागं दहा-वीस माणसं, कोणी बोलायचं न्हाई. जिथं ती थांबली तिथं बोअर घेतला अन् पाणी लागलं की हो. मंग तर काय, लांबलांबचे लोक मोटरसायकलवर बसवून न्यायला लागले. मी एकदा ईचारलं, अक्का, खरंच कळतं का तुमाला? ती पदरात हसली. म्हणली, "कशाचं कळतंय गं. ढेकळानं पाय भाजले की मी थांबते. ते म्हणतात हितंच." मला सांगितलं अन् म्हणली कोणाला बोलू नको, तेवढंच मोटरसायकलवर फिरायला भेटून राहिलं.

पण आभाळ भरून आलं की तीच अक्का कोणाला नको असायची. मी नवीन नवीन नांदायला आले तव्हाची गोष्ट, आमी साताठ बाया हळद निंदत व्हतो, औंढ्याच्या डोंगराकडून काळं उठलं अन् एक डाव गरजलं. अजून थेंब न्हाई. अक्का उठली, खुरपं भुईत रोवलं, खताच्या पोत्याची खोळ डोस्क्यावर घेतली अन् म्हणली, "चला बायांनो, माझं बोलावणं आलं." अन् एकटीच उलट्या दिशेनं निघाली, वढ्याकडं. बाकीच्या आखाड्याकडं पळाल्या. मला काय कळंना. मी सासूबाईंना ईचारलं, आत्याबाई, अक्का तिकडं काहून चालल्या? त्या म्हणल्या, "तिला सवय हाय." एवढंच. जसं काय एखाद्याला तंबाखूची सवय असती. कोणी जा म्हणायचं न्हाई तिला. माझ्या लग्नाच्या आधी म्हणत असतील, हाकललं बी असल, मला ठाव न्हाई. मी आले तव्हा म्हणायची गरजच राहिली नव्हती, पहिलं गरजलं की ती आपल्या आपण उठायची.

वढ्यावरून बैलगाडीचा रस्ता गेलाय, त्याच्या खालून पाणी जायला सिमिटाचे मोठे नळे टाकलेत, माणूस वाकून बसल एवढे. अक्का त्या नळ्यात जाऊन बसायची. पाऊस उघडला की परत यायची तर कोरडी ठणठणीत, अन् आमी आखाड्यात गळक्या पत्र्याखाली चिंब. ती हसायची. "या की माझ्या बंगल्यात. मी एकटी हाय, जागा मोप हाय." बाया बी हसायच्या. मी बी हसले हाय. नळ्यात तिनं एक सपाट दगड नेऊन ठेवला व्हता बसायला, अन् वर भेगंत तंबाखूची पुडी. पाणी यायचं भेव न्हाई वाटत का म्हणलं तर म्हणायची, "ह्या वढ्याला मी वळखते. वर डोंगरात पडलं तर हितं पाणी यायला दिवस मावळतो. तवर मी घरी भाकरी थापून मोकळी."

खरंच तसंच व्हतं पयले. आता काय राहिलं न्हाई तसं. आता पाऊस पडत न्हाई, कोणी वरून घागर उपडी केल्यासारखा वततो, अन् जिथं वततो तिथंच वततो. उन्हाळ्यात हळद शिजवायची तर लोकं पहाटंच कढया पेटवतात, दहा वाजले की बाया चक्कर येऊन पडून राहिल्यात, लेकराला मी वलं फडकं गुंडाळून निजवायचे. मंग पाऊस येतो तो असा की बांध फोडून वावरातली माती घेऊन जातो. सोयाबीनच्या शेंगाला उभ्या झाडावरच मोड. लेकरांची कपडे आठ आठ दिवस वाळंनात, समद्या घराला कुबट वास. मोबाईलवर एकदम मोठ्यानं वाजतं, ईजेपासून सावध राहा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. आता वावरात कुठलं पक्कं घर आणावं माणसानं? पयले आभाळ आलं की बरं वाटायचं. आता आभाळ आलं की मी लेकराला आधी जवळ घेते, मंग वर बघते.

आरू माझी पोरगी. आरोही. आता चौथं सरून राहिलं. ती झाली त्या दिवशी बी असाच पाऊस व्हता. माझं पोट दुखायला लागलं अन् रस्त्यावर पाणी, दवाखान्याच्या गाडीवाल्यानं फोनवर सांगितलं पल्याड उभा हाय, येता येत न्हाई. घरात अक्का अन् सासूबाई दोघीच. सासूबाई पावसात भिजत म्हाताऱ्या सुईणीला आणायला वरच्या आळीला गेल्या. मी अक्काचं मनगट धरलेलं... अन् अक्काचं तोंड एकदम पांढरं झालेलं मी बघितलं. मी म्हणलं काय झालं, अक्का, सांगा न काय झालं. ती म्हणली, "काय न्हाई. पाय दिसून राहिले. मी बी अशीच आल्ते. मी हाय न जित्ती, मंग भेतीस काहून?" असं म्हणून तिनं माझं लेकरू काढलं. कसं काढलं तिचं तिला ठाव. लेकरू पयले रडंना, तिनं त्याला उलटं धरून चोळलं, चोळलं, अन् मंग ते रडलं. मला वाटलं आता अक्का हसंल. अक्का दाराकडं बघून राहिली व्हती. मंग माझ्या कानापाशी आली. "रेखा, ऐक. डोस्क्यानं आली. काय ईचारलं कोणी तरी डोस्क्यानं. सासूला बी अन् नवऱ्याला बी. माझी आण हाय तुला." सुईण आली तव्हा समदं आवरून झालं व्हतं. म्हातारी म्हणली पोरगी डोस्क्यानं आली का बराबर? अक्का म्हणली, व्हय, चांगली डोस्क्यानं.

पुढं एकदा दुपारी लसूण सोलताना तिनं सांगितलं मला. ती साळंत दुसरीला असताना गरजलं की बाकीची पोरं रडायची, मास्तर, हिला भाईर काढा म्हून. मास्तर चांगले व्हते, म्हणायचे असं काय नसतं, पण पोरं रडायची थांबंनात म्हून तिला वऱ्हांड्यात बसवायचे अन् खडू द्यायचे, हितं बसून चित्र काढ म्हणायचे. पाऊस सरला की चित्र बी धुवून गेलेलं असायचं. तिसरीपासून ती गेलीच न्हाई. लग्नात तिच्या मायनं आमच्या सासूबाईंना गर्वानं सांगितलं, आमची पोरगी पायाळू हाय, तुमच्या घरात कोणाची कंबर दुखायची न्हाई. "माझ्या मायला वाटलं ती माझं कौतुक करून राहिली," अक्का म्हणली. लसणाची टरफलं फुंकली अन् म्हणली, "तुझ्या पोरीचं कौतुक तू करू नको."

म्हून मी कधी बोलले न्हाई. आरूच्या बापाला बी ठाव नव्हतं. अक्का अन् मी, दोघीच. आरू तिला मोठी आई म्हणायची, तिच्याच मागं मागं, तिच्या ताटात जेवायची. अक्काचा सोताचा पोरगा गजू पुण्याला कंपनीत हाय, त्याच्या नावाची सगळी माया आरूला. फक्त आभाळ आलं की अक्का तिला जवळ येऊ द्यायची न्हाई. "जा आईकडं. जा म्हणलं न." आरू रडायची. मी वढून धरायचे.

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्या त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. आमी हळदीत व्हतो, सकाळपासून असलं गुदमरत व्हतं, पान हलंना, अंगाच्या धारा. आरूला मी संगट नेलं व्हतं कारण अंगणवाडी बंद. दुपारनंतर काळं उठलं ते डोंगराकडूनच न्हाई, चारी बाजूनं. एकदम अंधारलं. असा पाऊस आला की आमी आखाड्यात पोचलो तर एकमेकींची तोंडं दिसंनात, पत्र्यावर एवढा आवाज की कानात ओरडावं लागायचं. अन् त्या दिवशी अक्का आमच्या संगट आखाड्यात आली. मीच तिच्या हाताला धरून आणली व्हती, म्हणलं अक्का, आज न्हाई, आज लय हाय. खरं सांगते, त्या दिवशी कोणी काय बोललं न्हाई. चंद्रकलाकाकू तर म्हणल्या, "राहू दे गं कौसा, बस हितंच, आज काय बंगला नको." अक्का दारापाशी बसली, भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन. पाव्हण्यासारखी बसली.

मंग ईज पडली. बांधावरच्या शिंदीच्या झाडावर पडली. आधी पांढरं, मंग आवाज, अन् शिंदीचा शेंडा पावसात बी जळून राहिला. बैलानं दावं तोडलं. बाया किंचाळल्या, सासूबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या, आरू माझ्या गळ्याला अशी बिलगली की तिची नखं रुतली. मी डोळे उघडले तर समद्या अक्काकडं बघत व्हत्या. निस्तं बघत व्हत्या. अन् अक्का त्यांच्याकडं बघतच नव्हती... ती आरूकडं बघून राहिली व्हती. आरूच्या पायाकडं. मी वळखलं तिच्या मनात काय आलं ते. एका पत्र्याखाली दोन पायाळू. बाकीच्यांना एकच ठाव व्हती, तिला दोन ठाव व्हत्या. ती उठली, खोळ घेतली. मी एका हातानं तिचा पदर धरला. ती खाली वाकली, माझ्या कानाला तोंड लावलं, तिच्या तोंडाला तंबाखूचा वास व्हता. म्हणली, "सोड. एकीला तरी जावं लागतं. हिला भिजवतीस का?" पदर माझ्या मुठीतून निघाला. वला व्हता, जड. पावसात चार पावलं दिसली, मंग खोळ दिसली, मंग काय बी न्हाई.

तिनं सोता मानलं व्हतं ते. हेच मला रातंदिस खातं. दुसऱ्यांचं भेव असतं तर मी भांडले असते. ते भेव तिच्याच पोटात जाऊन बसलं व्हतं, साळंतल्या वऱ्हांड्यापासून, अन् ती माझ्या लेकराला त्याच्यातून वाचवायला भाईर गेली. ती आभाळाला भेत व्हती. वढ्याला भेत नव्हती. वढा तिच्या वळखीचा व्हता न. पण डोंगराकडं पाणी आमच्याही आधी वतलं असल, कोणाला कळलं न्हाई, अन् दिवस मावळायची वाट वढ्यानं बघितली न्हाई. आमाला आखाड्यात बसून एक आवाज आला, मोठा ट्रॅक्टर आल्यासारखा. मला वाटलं पुन्हा गरजलं. आमी समद्या वर बघत व्हतो. पाणी खालून आलं.

नंतरचं मी लिहीत न्हाई. माणसं दोर घेऊन गेली, रस्ताच नव्हता, नळे बी उखडून गेल्ते.

गजू आला पुण्याहून. तो रडला न्हाई. अंगणात भाऊजी अन् समदे बसलेले, त्यानं बायांकडं बघून ईचारलं, "तुमी समद्या आत व्हत्या न? मंग माझी माय भाईर काहून गेली?" कोणी वर बघंना. सासूबाई म्हणल्या, "तीच उठून गेली, बाबा." भावकीतला एक म्हातारा म्हणला, "पायाळू व्हती पोरा ती. तिला आभाळानंच न्यायचं व्हतं, आज न्हाई तर उद्या." गजू म्हणला, "आभाळानं कुटं नेली, आबा? पाण्यानं नेली. नळ्यात बसली व्हती ती." म्हातारा म्हणला, "एकच ते." गजू त्याच्याकडं बघतच राहिला. मी खांबाला टेकून बसलेले, आरू मांडीवर आंगठा चोखत. वाटलं समदं सांगून टाकावं. पण मी आरूच्या तोंडाकडं बघितलं अन् मला ती दिसली, मोठी झालेली, पोत्याची खोळ घेऊन एकटी उलट्या दिशेनं चाललेली. बोलले तर ते, अन् न बोलले तर अक्का निस्ती पायाळू म्हणून गेली. मी आरूचे पाय पदराखाली झाकले. गजू परत गेला तव्हा माझ्या पाया पडला, म्हणला काकू, तुमी तिला लय जीव लावला.

अन् आता, सोयाबीन काढून गंजी लावल्या तव्हा. परतीचा पाऊस. ताडपत्र्या टाकू टाकू व्हईपर्यंत आलाच. आमी त्याच आखाड्यात, त्याच बाया, चंद्रकलाकाकू अन् त्यांची पोटुशी सून बी. गरजलं. अन् मी बघितलं, समद्यांची नजर दारापाशी गेली, भिंतीच्या त्या जागंवर. तिथं कोणी बसलं नव्हतं, एवढी गर्दी, एवढी वल, तरी ती जागा मोकळी सोडलेली. कोणी ठरवून सोडली नव्हती. पाऊस पत्र्यावर वाजत व्हता, अन् आरू माझ्या मांडीवरून उतरली अन् मला ईचारलं, चांगलं मोठ्यानं, पाण्याला कोणाची पाळी हाय म्हून ईचारावं तसं, "आई, मोठी आई न्हाई, तर आता भाईर कोण जायचं?"

एक बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मला कुठून बळ आलं ठाव न्हाई. मी म्हणलं, "कोणी न्हाई जायचं." अन् मंग समदं सांगून टाकलं, तुटक तुटक, उलटं सुलटं... की ही पायाळू हाय, अक्कानं हिला काढली, अक्कानं लपवलं, अन् त्या दिवशी अक्का हिच्यासाठी उठली. आत्याबाई, हिला भाईर काढायचं असल तर मला बी काढा, आमी दोघी जाऊ. चंद्रकलाकाकूंनी सुनेचा हात धरला अन् उठल्याच, पावसात भाईर. मी त्यांना नावं ठेवत न्हाई. सून पोटुशी हाय, भेव कोणाला न्हाई? पण भाईर तर ईज व्हती... मला तर ते बघून हसू का रडू, मी वरडले, "काकू, वढ्याकडं नका जाऊ." त्या वळचणीला थांबल्या, पाणी अंगावर, आत बी येईनात अन् जाईनात बी. तव्हा सासूबाई बोलल्या, म्हातारीचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "चंद्रकला. मुकाट्यानं सुनंला घेऊन आत ये. एक गेली तेवढी बास झाली."

त्या आल्या. लांब बसल्या, पण आल्या. अन् सासूबाई तिथंच भुईवर, भुसकटात, पालथ्या पडल्या. म्हणल्या, "ये गं आरू. माझी कंबर धरून राहिली. तुझी मोठी आई गेल्यापासून कोणी पाय लावला न्हाई." भाईर गरजून राहिलं. आरू माझ्याकडं बघून राहिली, मी मान हलवली. तिनं एक एवढासा चिखलाचा पाय आजीच्या कमरंवर ठेवला. "आजी, लागलं का?" "न्हाई गं. अजून दे." आजीचं तोंड भुईकडं, मला दिसलं न्हाई, पण पाठ हलून राहिली व्हती. ईज दोनदा चमकली. पडली कुटं तर आमाला ठाव न्हाई. आमी समद्या जित्त्या राहिलो.

आता गावाला ठाव झालंय. काही बाया आरूला जवळ घेतात, काही लेकरं मागं वढतात. मोठी झाल्यावर काय व्हईल, ते माझ्या हातात न्हाई. माझ्या हातात एवढंच हाय की आभाळ भरलं, पहिलं गरजलं, की मी हातातलं काम टाकते अन् उंबऱ्यावर जाऊन बसते, आडवी. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून. कोणी म्हणतं दारात बसू नको, ईज येती. आरूचे पप्पा म्हणतात, येड्यासारखं करून राहिलीस, आत हो. मी उठत न्हाई. पाठीमागं माझं लेकरू, सासूबाईंच्या कुशीत. पुढं पाऊस, त्याच्यातून वढ्याचा आवाज येतो. मला लय भेव वाटतं, अन् तोंडातून आपसूक येतं, हळूच. आत या, अक्का... सासूबाई कोणाला बोलून राहिली म्हून ईचारत न्हाईत. त्या निस्त्या जराशा सरकून बसतात.